गाठ बरोबर होती

अकरा वर्षं एका टेबलावर समोरासमोर डबा खाल्ला, पण धुरपदाबाईंना मुलं किती हे रामजींना ठाऊक नव्हतं. सुरतेत लिंबायतला त्यांच्या घरी, त्या गेल्यावरच्या गंधमुक्तीच्या विधीला सतरंजीवर बसल्यावर हे त्यांच्या ध्यानात आलं. कुणीतरी म्हणालं, "हा मधला, योगराज. रिक्षा चालवतो," तेव्हा त्यांनी ओळख असल्यासारखी मान हलवली. धुरपदाबाईंचं माहेर शिंदखेड्याकडचं, हेही तिथंच कळलं. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला गल्लीतल्या बायका त्यांच्यावाचून गाणं सुरू करत नसत, हे एका शेजारणीनं डोळ्यांना पदर लावून सांगितलं. रामजींनी त्यांना कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं. अकरा वर्षांत आपण या बाईला काय विचारलं? भाजी कसली, पाणी आलं का, एवढंच.

त्यांना ओळख होती ती फक्त धुरपदाबाईंच्या हातांची.

त्या दिवशी लिंबायतला येण्याआधी रामजी आपल्या जुन्या कामाच्या ठिकाणी डोकावून आले होते. उधन्याच्या मागच्या रस्त्याला, एका मिलच्या भिंतीला लागून, किड्यांवर संशोधन करणारी एक संस्था आहे. रामजी तिथं स्टोअर सांभाळत होते, दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. दारातल्या फळ्यावर एक कागद टाचला होता. गुजरातीत लिहिलं होतं, की संस्थेच्या सफाई कामदार धुरपदाबेन यांचं दुःखद निधन झालं आहे, ईश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो. खाली संचालकांची सही.

सफाई कामदार! रामजी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचत उभे राहिले. त्यांच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. एखादा दुसरा माणूस असता तर तिथंच आवाज चढवून विचारता झाला असता. रामजींनी कागदाचा वाकलेला कोपरा सरळ केला आणि लिंबायतची रिक्षा पकडली. तोच त्यांचा स्वभाव होता, आणि त्याच स्वभावाची त्यांना त्या दिवशी शिसारी आली.

कारण धुरपदाबाई तिथं काय करत होत्या, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं.

नोकरीला लागल्या तेव्हा हातात झाडूच होता, हे खरं. नवरा भिकन लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात होता, तो वारला. मग त्याच कारखान्यात त्यांनी तारा, म्हणजे धागे, सांधायचं काम धरलं. नव्या बीमची, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळाची, एकेक तार जुन्या तारेला जोडायची, हजारो तारा, केसाएवढ्या बारीक, आणि गाठ अशी की कापडात बोटाला लागता कामा नये. बारा वर्षं ते केलं. कारखान्यात जोडणीचं मशीन आलं तेव्हा मालकानं बायांना घरी पाठवलं, आणि धुरपदाबाई या संस्थेत झाडलोट करायला आल्या.

संस्थेत तेव्हा एरंडीच्या पानांवरच्या अळ्यांवर काम चाललं होतं. अळीचा कोश कधी व्हायचा हे तिच्या डोक्यातून पाझरणारा एक रस ठरवतो. तो रस अंगात उतरला की आतल्या पेशींना निरोप मिळतो, आता बदला. तो नेमका कधी उतरतो हे शोधायची एक जुनी रीत आहे. अळीच्या डोक्यामागे बारीक दोऱ्यानं आवळून गाठ मारायची. रस उतरायच्या आत गाठ बसली तर मागचं अंग अळीचंच राहतं. उतरल्यानंतर बसली तर डोकं अळीचं आणि मागे तपकिरी कोश, असा विचित्र प्राणी तयार होतो. मग मागच्या अंगातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यातल्या पेशी पाहायच्या. वाचायला सोपं. करायला गेलं की गाठ जास्त आवळते आणि अळीची कातडी फाटते, किंवा सैल राहते आणि रस खालून निघून जातो.

धनश्री नावाची पीएच.डी. करणारी मुलगी एका दुपारी गाठी मारत बसली होती. एकामागून एक सहा अळ्या तिच्या हातात फुटल्या. सहाव्या अळीला धुरपदाबाईंनी फरशीवरचं पोतेरं खाली ठेवलं.

"आन इकडे. मारी टाकशी तिले."

धनश्री उधन्यातलीच, बाप अमळनेरचा, घरात सगळे अहिराणी बोलणारे. पण संस्थेत ती गुजराती किंवा हिंदीतच बोलायची. "आप रहने दो, मौसी," ती म्हणाली.

मौसी राहिल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, बर्फावर गारठलेली अळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली, दोरा ओठांनी ओला केला आणि क्षणभर थांबल्या. अळीचं अंग लाटेसारखं फुगतं आणि ओसरतं. ते ओसरलं त्या क्षणी दोरा फिरला, बसला, टोकं तुटली. रामजी काचेच्या नळ्या मोजून द्यायला आले होते, त्यांनी ते पाहिलं. डोळ्याला काही दिसलंच नाही म्हणा ना. अळी पुन्हा चालायला लागली.

"कसं केलंत?" रामजींनी विचारलं.

"तिले समजना पहिले बांधी टाकानं," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि पोतेरं उचलून कामाला लागल्या.

त्या दिवसापासून संस्थेतल्या गाठी त्यांच्या झाल्या. सकाळी झाडलोट, मग पांढरा कोट घालून गाठी. दिवसाला चाळीस, कधी साठ. बाहेरच्या विद्यापीठांचे लोक येऊन त्यांच्या पाठीमागे उभे राहून पाहायचे, मोबाइलवर चित्रण करायचे, आणि चित्रणात फक्त हात यायचे. संस्थेचे संचालक डॉक्टर ललितभाई पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे शंभरातल्या पंच्याण्णव अळ्या जगतात." आमच्याकडे. कागदावर धुरपदाबाईंचा हुद्दा शेवटपर्यंत बदलला नाही. रामजींनी एकदा हळूच आठवण करून दिली होती, तेव्हा ललितभाई म्हणाले होते, "करशुं, काका, करशुं." गुजरातीतलं हे 'करू' किती लांबतं ते सुरतेत राहणाऱ्या माणसाला सांगायला नको.

मग तो दोऱ्याचा प्रकार घडला.

गाठींसाठी ऑपरेशनला वापरतात तसला रेशमी दोरा बाहेरून यायचा. दोन वर्षांपूर्वी तो वेळेवर आला नाही. इकडे अळ्या ऐन वयात आलेल्या. त्या काही दोऱ्यासाठी थांबणार नव्हत्या. ललितभाई स्टोअरच्या दारात येऊन म्हणाले, "काका, काहीतरी करा."

रामजी बमरोलीला राहायचे. त्यांच्या चाळीखालीच लूमचा कारखाना. सुरतेत काय दोऱ्याला तोटा? हा विचार फक्त सुरतेच्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतो. त्यांनी खालच्या मुकादमाकडून सर्वांत बारीक तारेचा एक कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेली रीळ, मागून घेतला. गुलाबी पुठ्ठ्याचा कोन, वर कारखान्याचा शाईचा शिक्का. दुसऱ्या दिवशी तो टेबलावर नेऊन ठेवला आणि रजिस्टरात लिहिलं, 'बारीक दोरा, एक नग.' कुठून आणला ते लिहिलं नाही. नियमात बसत नव्हतं ते.

धुरपदाबाईंनी तार बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"हाई तार कथानी शे, रामजीभाऊ?"

"स्टोअरची."

"तेल शे तिले."

"साहेबांची घाई आहे, बाई. आजचा दिवस निभवा."

त्यांनी एकदा रामजींकडे पाहिलं. मग गाठी मारायला घेतल्या. गाठी नेहमीसारख्याच बसल्या.

चौथ्या दिवशी अळ्या मरायला लागल्या. गाठीभोवती काळं कडं धरायचं, अंग लुळं पडायचं. पाचव्या दिवशी निम्म्या गेल्या. रक्ताच्या थेंबातल्या पेशी सुकलेल्या बोरांसारख्या दिसत होत्या, असं धनश्री सांगत होती. परदेशातल्या एका गटाबरोबरचं काम होतं, त्यांना आकडे द्यायचे होते. ललितभाईंनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बोलावलं. धुरपदाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. रामजीही उभेच होते.

"दोरा बराबर छे ने?" ललितभाईंनी विचारलं.

सगळ्यांनी रामजींकडे पाहिलं. निवृत्तीला सात महिने राहिले होते. 

"स्टोअरचाच आहे, साहेब," ते म्हणाले.

झालं. मग उरला कोण? एक जण म्हणाला, मौसीचं वय झालं, हात कापतात. दुसरा म्हणाला, चष्मा बदलायला सांगा. कुणीतरी हसलं. धुरपदाबाईंनी आपला उजवा हात पुढे केला आणि टेबलावर सगळ्यांसमोर धरला. तो जराही हलत नव्हता.

"गाठ मनी बरोबर शे," त्या म्हणाल्या. "तारले तेल शे. कपडा मिलमां धुवाले जास तवय हाईच तेल निंघस. तार धुई देखा."

"शुं कहे छे?" ललितभाईंनी धनश्रीला विचारलं.

आणि धनश्री, जिच्या आईनं तिला अहिराणीत जेवू घातलं होतं, ती खाली पाहत म्हणाली, "खबर नथी, सर."

रामजींना अहिराणी येत नव्हती असं नाही. ते भुसावळकडचे, घरची बोली वेगळी, पण अकरा वर्षं ऐकून सगळं कळायचं. तेही काही बोलले नाहीत. ती तार कुणाच्या चाळीखालची आहे, हे त्या खोलीत एकट्यालाच माहीत होतं, आणि तो एकटा बुटाच्या टोकाकडे बघत उभा होता. अशी मान खाली घालून माणूस किती वेळ उभा राहू शकतो, ते रामजींना त्या दिवशी समजलं.

धुरपदाबाईंचा पांढरा कोट काढून घेतला गेला. त्यांना मागच्या मोरीवर बाटल्या धुवायला बसवलं. अहवालात लिहिलं गेलं, 'हाताळणीतील चूक, अप्रशिक्षित कर्मचारी.' अप्रशिक्षित! बारा वर्षं तारा आणि नऊ वर्षं अळ्या, आणि अप्रशिक्षित! पुढच्या आठवड्यात त्या तारेचा कोन शोधायला धनश्री स्टोअरमध्ये आली. कोन कुठंच नव्हता. शेकडो गाठींसाठी आधीच कापून ठेवलेले तुकडे तेवढे एका डबीत उरले होते. कोन कचऱ्यात गेला असावा, असं रामजी म्हणाले, आणि मनातल्या मनात सुटल्यासारखा श्वास टाकला.

धुरपदाबाईंच्या जागी दोन शिकलेली मुलं त्याच तुकड्यांनी गाठी मारायला बसली. त्यांच्याही अळ्या मेल्या. दोन महिने मेल्या. तेव्हा कुठं धनश्रीनं त्या डबीतले तुकडे साबणाच्या पाण्यात धुतले, वाळवले, पुन्हा गाठी मारल्या. अळ्या जगल्या. मग शोध लागला, की लूमच्या तारेवरचं तेल अळीच्या मानेमागच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं, छिद्रं बुजतात, हवा मिळत नाही म्हणून अंगातल्या पेशी मरतात. छानपैकी लेख छापून आला. त्यावर सहा नावं होती. लूमच्या धाग्यामुळे होणाऱ्या चुकीकडे आम्ही जगाचं लक्ष वेधतो आहोत, असं ललितभाईंनी त्यात लिहिलं होतं. त्याची छापील प्रत स्टोअरच्या भिंतीवरही लावली गेली. रामजी रोज तिच्याखाली बसून डबा खायचे. समोर धुरपदाबाई बसायच्या. 'तार धुई देखा' हे तीन शब्द ज्या बाईनं सगळ्यांच्या तोंडावर सांगितले होते, ती बाई समोर बसून ठेचा-भाकरी खायची आणि त्या कागदाकडे बघायचीसुद्धा नाही.

बाटल्या त्यांच्याकडेच राहिल्या. गाठींसाठी आता परदेशातून छोटे चिमटे आले होते म्हणे.

एवढं सगळं रामजी सतरंजीवर बसून मनाशी उगाळत होते. तेवढ्यात धुरपदाबाईंची सून सुषमा आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आली.

"काका, हे तुमच्या लॅबचं आहे का हो? आईंच्या पेटीत होतं. दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. मी एकदा म्हटलं, दोरा आहे तर नातीच्या बांगड्या गुंफायला द्या, तर माझ्यावर ओरडल्या."

डब्यात गुलाबी पुठ्ठ्याचा कोन होता. वर कारखान्याचा शाईचा शिक्का, बमरोलीचा पत्ता स्पष्ट.

रामजींनी तो शिक्का पुन्हा वाचला. तो कोन टेबलावर ठेवला असता, तर एका मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. धुरपदाबाईंना कोट परत मिळाला असता, आणि सात महिन्यांवर निवृत्ती आलेल्या एका माणसाची चौकशी लागली असती. धुरपदाबाईंनी शिक्का वाचला होता. रामजी कुठं राहतात ते त्यांना माहीत होतं. ज्या माणसानं त्यांना ओळखायचेही कष्ट घेतले नव्हते, त्याला त्यांनी नीट ओळखलं होतं. आणि कोन पदराखाली घेऊन घरी आणला होता.

"माझाच आहे," रामजी म्हणाले. "सुषमा, हा मी नेतो."

जेवायला थांबले नाहीत. योगराज मागून म्हणत होता, काका, दोन घास तरी. ते रिक्षात बसले आणि थेट उधन्याला उतरले. आयुष्यात पहिल्यांदा ते न विचारता संचालकांच्या खोलीत शिरले.

"आवो, आवो, काका," ललितभाई म्हणाले. "बेसो ने."

"मी बसायला आलो नाही." त्यांनी कोन टेबलावर ठेवला. "ही ती तार. मी आणली होती. माझ्या चाळीखालून. धुरपदाबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं तेल आहे म्हणून. तुमच्यासमोरही सांगितलं. मी गप्प राहिलो."

ललितभाईंनी कोन फिरवून पाहिला आणि हसले. वाईट हसले असं नाही, एखाद्या म्हाताऱ्याच्या जुन्या गोष्टीला हसतात तसे. "अरे काका! ए तो छपाई गयुं. बाई पण गई. हवे शुं फरक पडे?"

"फरक पडतो!" रामजी ओरडले. बाहेरच्या खोलीतली माणसं उठून उभी राहिली. "तुमच्या अहवालात लिहिलंय तिच्या हाताची चूक. फळ्यावर लिहिलंय सफाई कामदार. बाई मेली तरी तुम्ही तिच्या हातात झाडूच ठेवलात! ती एक गाठ तुम्हाला कुणाला येते का? या, मारून दाखवा. या!"

ललितभाई पाण्याचा ग्लास पुढे करत होते. तो त्यांनी घेतला नाही.

दारात धनश्री उभी होती. आता ती डॉक्टर धनश्री झाली होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"सर," ती म्हणाली, आणि मग गुजराती सोडून दिली. "त्या तवयच सांगी ऱ्हायन्या व्हत्या. माले समजनं व्हतं. बठ्ठं समजनं व्हतं."

ललितभाईंना ते कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फोन वाजला, तो त्यांनी घेतला.

रामजी स्टोअरमध्ये गेले. नव्या स्टोअरकीपरला म्हणाले, दोन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढ. त्यानं काढलं. जुन्या नोंदीखाली, जेमतेम दोन ओळींची जागा होती तिथं, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'हा दोरा मी बमरोलीहून आणला. तेलाचा होता. धुरपदाबाईंची गाठ बरोबर होती.' खाली सही केली, तारीख घातली. नव्या माणसानं रजिस्टर घाईघाईनं मिटलं. तो बिचारा घाबरला होता.

बाहेर पडताना दिसलं, की धनश्री फळ्यासमोर उभी राहून तो कागद काढत होती आणि हातानं लिहिलेला दुसरा लावत होती. त्यात 'सफाई कामदार' नव्हतं. तो कागद दुसऱ्या दिवशी राहिला की नाही, ते पाहायला रामजी गेले नाहीत. छापलेला लेख जसा आहे तसाच आहे, सहा नावांचा. त्याचं काही करता येत नाही, आणि त्याचा राग काही केल्या जात नाही.

पण त्याहून मोठा राग त्यांना आपल्या निवृत्तीच्या दिवसाचा येतो.

त्या दिवशी हार झाला, पेढे झाले. रामजी मागच्या मोरीवर गेले होते. सांगायचं ठरवून गेले होते. रात्रभर वाक्य जुळवलं होतं, बाई, ती तार माझी होती. धुरपदाबाई उकिडव्या बसून बाटल्यांना ब्रश फिरवत होत्या. शेजारी एरंडीच्या पानांची पाटी होती, कुणीतरी नळाखाली धुऊन तशीच ठेवलेली. अळ्यांच्या खोलीत जायला त्यांना सात महिन्यांपासून बंदी होती. त्यांनी हार पाहिला, हसल्या, ओले हात पदराला पुसले.

"धुरपदाबाई," रामजी म्हणाले.

"बोला."

रामजींनी गळ्यातला हार काढून हातात धरला. धुरपदाबाईंनी थोडी वाट पाहिली. मग पाटी त्यांच्याकडे सरकवली.

"पानं वल्ला टाकू नका, रामजीभाऊ. पुसीसन टाका. अळ्यास्नं पोट बिघडस."

"बरं," रामजी म्हणाले. "पुसतो."